अकरा वर्षांच्या केसांचा सूड

५ ऑगस्ट १९९८, बुधवार
आलं: तांदूळ १ किलो. सार्डिनचे डबे २. काविळीच्या लशीचं इंजेक्शन १, डाव्या दंडात.
किंमत: तांदूळ फुकट, डबे फुकट, इंजेक्शन फुकट. जाताना ट्रायसिकल रिक्षाचे ३ पेसो. येताना चालत आले.
इंजेक्शन घेणाऱ्या दर माणशी एक किलो तांदूळ होता. माझा नवरा नादो आला असता तर दोन किलो झाले असते. म्हणाला, किलोभर तांदळासाठी मी दंडाला भोक पाडून घेणार नाही. गर्व. साखर कारखान्याच्या काट्यावर तीस वर्षं लोकांचा ऊस तोलला, घरचा फायदा कशात आहे ते मात्र या माणसाला कधी तोलता आलं नाही.
सुई अडेल्फानं टोचली. गावची सरकारी सुईण. आमच्या मुलाची, रुएलची, धर्ममाता, म्हणून मी तिची मारे आणि ती माझी मारे. हे नातं तीर्थाच्या पाण्यानं जोडलेलं, तोडता येत नाही. टोचताना म्हणाली, मारे, दंड सैल सोड ना, कोंबडी आहेस का तू? सगळ्या रांगेसमोर. रांग हसली. मीही हसले.
मनात लिहून ठेवलं.

१९ ऑगस्ट, बुधवार
केस धुतले. गुगोची साल फार महाग झाली आहे. म्हणून यावेळी अर्धी साल आणि अर्धी चुलीची राख भिजवली. फेस तेवढाच येतो. हे अजून कुणाला सुचलं नाही याचं आश्चर्य वाटतं.
पाणी तुंबलं. बघते तर मोरीच्या जाळीवर केसांचा गोळा. आधी वाटलं मांजर मेलं.
माझे केस.

२० ऑगस्ट, गुरुवार
रात्रभर विचार केला. हे केस माझे नाहीतच. अकरा वर्षांपूर्वी नादोचं अपेंडिक्स फुटलं तेव्हा मरियामातेला बोलले होते, याला उठव, तुझा नवा टोप होईल तेव्हा माझे सगळे केस तुझे, तोवर कात्री लावणार नाही. नादो उठला. मी कात्री लावली नाही. देवळातल्या मूर्तीचा टोप बारा वर्षांनी बदलतात आणि यंदाचं बारावं वर्ष आहे. २ फेब्रुवारीला मेणबत्त्यांच्या सणात माता मिरवणुकीला निघेल ती माझ्या केसांत.
हे मी म्हणत नाही. मातेला सजवायचा मान ज्यांच्या घराण्याकडे आहे त्या सिन्योरा प्रेसेन्तासियोननं ईस्टरच्या दिवशी माझी वेणी हातात तोलून म्हटलं, सियांग, यंदा तुझेच. शंभर बायका ऐकत होत्या.
माझे केस गुडघ्याखाली चार बोटं. गावात दुसरा क्रमांक अडेल्फाचा, कमरेपर्यंत. फक्त कमरेपर्यंत.

२१ ऑगस्ट, शुक्रवार
आजपासून केसांची वही सुरू. गळालेला प्रत्येक केस मोजायचा, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. एकही टाकायचा नाही, मातेची ठेव आहे.
आज: १३१.
मे महिन्यात टायफॉइडनं बावीस दिवस अंथरुणाला खिळले होते. तेव्हा एक केस गळला नाही. आणि सुई टोचल्यावर चौदा दिवसांत मोरी तुंबते! मी हायस्कूल पास आहे. दोन आणि दोन चार हे मला कुणी शिकवायला नको.

२५ ऑगस्ट, मंगळवार
आज: १५८.
शांतपणे विचार करावा म्हणून जपमाळ घेऊन बसले. तिसऱ्या मण्याला उजेड पडला. माझे केस गेले तर फायदा कुणाचा? दुसऱ्या क्रमांकाचा.
सगळ्यांना एकाच बाटलीतून टोचलं हे खरं. पण माझी पाळी आली तेव्हा तिनं बाटली हलवली. दोनदा. ट्रायसिकलवाल्या पॉलिकार्पोच्या वेळी एकदाच हलवली होती, मी त्याच्या मागेच उभी होते.
निश्चय: (१) अडेल्फाशी बोलणं बंद. (२) बघणं बंद. (३) सूड. कसा ते नंतर ठरवू.

३० ऑगस्ट, रविवार
देवळात मिस्सेच्या प्रार्थनेत एकमेकांना शांतीची खूण द्यायची वेळ आली तेव्हा अडेल्फा हसत माझ्याकडे वळली. मी झटक्यानं मान फिरवली, सगळ्यांना दिसेल अशी. अपमान पूर्ण झाला.
मिस्सा संपल्यावर ती पळत आली. मारे, मान धरली का गं तुझी? मला तिथूनच कळलं. बस खाली! देवळाच्या पायरीवर बसवून, अख्ख्या गावासमोर तिनं माझी मान चोळली. वर आल्याच्या तेलाची बाटली दिली.
तेल चांगलं आहे. ठेवून घेतलं. पुरावा म्हणून.

५ सप्टेंबर, शनिवार
दुसऱ्या सुईचा दिवस. जायचं नाही असं ठरवलं होतं. मग विचार केला, गुन्हेगाराला जवळून पाहिल्याशिवाय खटला उभा राहत नाही. शिवाय तांदूळ.
यावेळी उजवा दंड पुढे केला. विष गेलंच तर उजवीकडे जाईल, डाव्या बाजूचे केस तरी वाचतील.
सुई आत असताना विचारलं, मारे, या लशीनं केस जातात का? अडेल्फा म्हणाली, क्वचित एखादीला जातात असं पुस्तकात आहे गं. लाखात एक. बहुतेकदा परत येतात. पण तुला टायफॉइड झाला होता ना मे महिन्यात? मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी गळतातच. कशानं झालं ते मला नक्की सांगता नाही येणार, पण डोकं दाखव बघू. आणि जेवतेस का नीट?
कबूल! आपल्या तोंडानं! क्वचित जातात म्हणाली! टायफॉइडचं पुढचं वाक्य मी ऐकून घेतलं नाही, कारण ते तिनं घाबरून जोडलेलं होतं.
डोकं दाखवलं नाही. तांदूळ १ किलो आला.

८ सप्टेंबर, मंगळवार. मरियामातेचा वाढदिवस
आज नवस केला. सूड पुरा होईपर्यंत उपास. सकाळी काही नाही, दुपारी पेज आणि मीठ, रात्री उरलेली पेज. मासा, अंडं, खोबरं बंद.
मागणं कुणाकडे करायचं यावर बराच विचार केला. मरियामाता मऊ मनाची, ती क्षमा कर म्हणेल. सुडाच्या कामाला संत मायकल बरा, त्याच्या हातात तलवार आहे. शब्द नीट निवडले, नंतर गैरसमज नको: हे संत मायकल, ज्या बाईनं मातेच्या टोपात आपले केस जावेत म्हणून माझे घालवले, तिच्या डोक्यावर एकही केस राहू देऊ नकोस. नऊ मंगळवार हेच म्हणायचं.
उपासानं आठवड्याला दीड किलो तांदूळ वाचेल. देव भक्ताला तोट्यात ठेवत नाही.

२२ सप्टेंबर, मंगळवार
आज: २४०.
तिसरा मंगळवार. उठताना डोळ्यांपुढे काजवे आले. प्रार्थना लागू पडते आहे, अंगात तेज आल्यासारखं वाटतं. केस जास्त गळतात हे चांगलं लक्षण आहे. प्रार्थना वाढली की सैतान चिडतो, चिडला की ओढतो.
नादो म्हणाला, सियांग, तू खात नाहीस म्हणून गळतात गं. दारात शेवगा आहे, पाला खा. कोंबडी अंडी घालते आहे, ती खा. आणि ती राख डोक्याला लावू नकोस, आम्ही कारखान्यात राखेनं कढया घासतो. म्हटलं, केसांबद्दल तू बोलू नकोस, तुझे १९८५ सालीच गेले.
मग म्हणाला, ते सुई न घेताच गेले.
असं खोचून बोलायची याला सवय आहे.

१० ऑक्टोबर, शनिवार
तक्रार लिहिली. दोन पानं, एकही खाडाखोड नाही. वर मथळा: लस टोचून केस घालवल्याबद्दल. गावात फिरून सह्या घेतल्या.
वाटलं होतं बायका येतील. दोन आल्या. त्यातली एक नंतर म्हणाली, मला वाटलं रस्त्यावरच्या दिव्यांचा अर्ज आहे, माझी सही खोड.
पुरुष मात्र सात आले. सगळे टकले. पहिला पॉलिकार्पो, ट्रायसिकलवाला. म्हणाला, नांग, ताई, मीही सुई घेतली, माझंही बघ काय झालं! त्याला म्हटलं, अरे, तुझ्या लग्नात तू फोटोसाठी सासऱ्याची टोपी मागून घातली होतीस, मी तिथेच होते. तर म्हणतो, तेव्हा थोडे होते. आता थोडेही नाहीत. त्या सुईनंच शेवटचे नेले. मागचा एक विचारत होता, भरपाईत तांदूळ किती देणार आहेत?
सह्या आठ. संख्या चांगली दिसते. वयं लिहायची नाहीत असं ठरवलं.

१७ ऑक्टोबर, शनिवार
गावातलं भांडण आधी गावप्रमुखासमोर, म्हणजे कपितानसमोर मिटवायचं, मगच वर कोर्टात न्यायचं असा कायदा आहे. म्हणून कपितान वेन्सेसच्या अंगणात सुनावणी. चार म्हातारे पंच. मी डोक्याला काळा रुमाल बांधून गेले. सातही टकले टोप्या काढून पहिल्या बाकावर. ऊन थेट त्यांच्यावर पडत होतं. कपितान म्हणाला, बाबांनो, मागे बसा, मला तुमच्या डोक्यांनी काही दिसत नाही.
मी अर्ज वाचला. आवाज जरा कापला, उपासामुळे. शेवटी म्हणाले, आरोपीनं मला दुसऱ्या सुईच्या वेळी कबुली दिली आहे, क्वचित जातात असे तिचे शब्द आहेत.
अडेल्फा उठली. हातात सरकारी रजिस्टर. म्हणाली, कपितान, मी तसं म्हणाले. खोटं का बोलू? या गावात एकशे त्रेचाळीस जणांना टोचलं. ताप अकरा, दंड सुजले चौतीस, चक्कर दोन. केस गळाले, एक. माझ्या मारेचे. ते लशीनं असेल, टायफॉइडनं असेल, मला माहीत नाही. म्हणून मीच तिचं नाव जिल्ह्याच्या डॉक्टरांना कळवलं आहे, सप्टेंबरमध्येच. ही बघा नक्कल.
नक्कल फिरली. पंचांनी वाचली. टकल्यांनी वाचली. केस गळणे, या रकान्यापुढे माझं पूर्ण नाव: कोन्सोर्सिया माग्बानुआ, वय ५३. छापील फॉर्मवर.
म्हणजे माझ्या आधी हिनं माझी तक्रार केली! आणि वय खरं लिहिलं!
मग कपितान नादोला म्हणाला, तुझं काय म्हणणं? हा माणूस उभा राहिला आणि म्हणाला, ती महिनाभर पेज पिते आहे आणि डोकं राखेनं घासते आहे. माझ्या घरातला साक्षीदार, माझ्याच भाताच्या जिवावर! पंचातला सगळ्यात म्हातारा म्हणाला, पोरी, राखेनं? आमच्याकडे राखेनं डुकराची कातडी साफ करतात. सगळे हसले. सगळ्यात जोरात पॉलिकार्पो, माझाच सहीवाला.
निकाल: दोघींनी हात मिळवायचे, कपितानच्या खर्चानं सगळ्यांनी पान्सितच्या शेवया खायच्या. मी उपास म्हणून खाल्ल्या नाहीत. टकल्यांनी दोन-दोन ताटं खाल्ली.
हात मिळवला. तिचा हात गरम होता. म्हणाली, मारे, तुझे हात किती थंड पडलेत गं.
कायद्यानं न्याय मिळत नाही हे कळलं. आता दुसरा मार्ग.

२८ ऑक्टोबर, बुधवार
दुसरा मार्ग सापडला. माझी मावशी म्हणायची, मेलेल्यांच्या यादीत जिवंत माणसाचं नाव देवळात वाचलं गेलं की ते माणूस वर्षभरात वाळतं. मृतांच्या दिवसासाठी फादर सध्या याद्या घेत आहेत. दहा नावांपर्यंत एकच दर. आमच्या घरचे मेलेले नऊ. दरवर्षी दहावी जागा वायाच जाते.
यंदा नाही गेली. दहावं नाव: अडेल्फा सोब्रेवेगा.
अक्षर मुद्दाम स्वच्छ काढलं. फादरना चष्मा लागला आहे.

२ नोव्हेंबर, सोमवार. मृतांचा दिवस
फादरनी नावं वाचली. आमचे नऊ झाले. मग मोठ्यानं: अडेल्फा सोब्रेवेगा. अडेल्फा तिसऱ्या बाकावर, जिवंत. सगळ्या माना तिच्याकडे, मग याद्यांकडे, मग, का कोण जाणे, माझ्याकडे. मी डोळे मिटून जप सुरू केला.
मिस्सा संपल्यावर पळायच्या आत तिनं गाठलं. रडत होती. मला मिठी. मारे, माझ्या आत्याचं नाव! अगं, तिचंच नाव मला ठेवलं होतं. युद्धात जपानी आले तेव्हा डोंगरात गेली ती परत आली नाही. माझ्या सख्ख्या भावांना तिचं नाव आठवत नाही, आणि तू यादीत घातलंस! तुझ्याशिवाय कोण करणार होतं हे!
संध्याकाळी घरी बिबिंगका या तांदळाच्या केकचं अख्खं ताट घेऊन आली, वर खारं अंडं आणि खोबरं. मला उपास. नादोनं खाल्लं. म्हणाला, सियांग, आणखी कुणाचं नाव लिहायचं असेल तर सांग.
आज: मोजले नाहीत. दोन मुठी.

२० नोव्हेंबर, शुक्रवार
सिन्योरा प्रेसेन्तासियोन वेणी मोजायला येणार असा निरोप पहाटे आला. आरशात पाहिलं. लांबी तीच. जाडी, खरं लिहायचं तर, दोऱ्याची. पण बाईकडे अक्कल असली की मार्ग निघतो. डब्यातले केस मधे भरले, काळ्या दोऱ्यानं वळले, वर रिबीन. दुरून पाहिलं तर ईस्टरसारखीच.
सिन्योरा दुरून बघणारी नव्हती. वेणी हातात घेतली, तोलली, जरा ओढली. वेणी तिच्या हातात. मी तिच्यापासून दीड हात लांब.
सिन्योरा किंचाळली, क्रूस केला आणि वेणी कोंबड्यांत टाकली. एक कोंबडी ती घेऊन पळाली. नादो कोंबडीच्या मागे.
पाणी पिऊन झाल्यावर सिन्योरानं उरलेलं दोन बोटांत धरलं. सियांग, ही वेणी की बुटाची नाडी? मी सगळं सांगितलं, सुई, बाटली दोनदा हलवली, सगळं. ती म्हणाली, तू हल्ली काय खातेस ते सांग. मी म्हणाले, नवसाचं आहे, सांगता येत नाही. ८ डिसेंबरला इलोइलोहून टोप विणणारा येईल, तेव्हा जे असेल ते घेऊन ये म्हणाली.
नऊ मंगळवार पूर्ण झाले. अडेल्फाचे केस जागच्या जागी. कालच पाहिले, तेल लावून सोडले होते, मुद्दाम.

८ डिसेंबर, मंगळवार
सकाळी नादोनं कापले. मी सांगितलं, मुळाजवळून घे, एक इंचही मागे ठेवायचा नाही, अकरा वर्षांचा शब्द आहे. त्याच्या हातातली कात्री दोनदा थांबली. म्हणाला, माझ्या पोटासाठी होतं ना हे सगळं? मी हो म्हणाले. मग कापले. नंतर तो बराच वेळ मागच्या दारात बसून राहिला, कात्री हातातच.
मी डोक्याला रुमाल बांधून गेले. वेणी आणि पत्र्याचा डबा. टोप विणणाऱ्या म्हाताऱ्याचं नाव क्रिस्पुलो. डबा उघडून नाक फेंदारलं. नांग, यातलं मूळ कुठलं आणि टोक कुठलं? गळालेले केस उलटसुलट विणले की एकमेकांत अडकतात. चार दिवसांत मातेच्या डोक्यावर घरटं होईल, चिमण्या येतील. मी सांगितलं की साडेनऊ हजारांपर्यंत मोजलेले आहेत. तो म्हणाला, मोजून काय करू, ते उभे कुठे आहेत?
डबा परत केला.
वेणी मात्र त्यानं तळहातावर ठेवली, बोटांनी कुरवाळली. लांब आहेत, म्हणाला. पण मातेला पुरायचे नाहीत, निम्मं डोकंही झाकणार नाही. मातेच्या हातावरच्या बाळ येशूला होतील. बाळाचं डोकं संत्र्याएवढं असतं.
संत्र्याएवढं.
विचारलं, आणि मातेला? सिन्योरा म्हणाली, मिळतील गं, तू घरी जा, काहीतरी खा.

१३ डिसेंबर, रविवार
संत मायकल की जय!!!
आज अडेल्फा मिस्सेला डोक्यावरून जाळीची ओढणी घेऊन आली. पवित्र भाकर घ्यायला पुढे गेली तेव्हा ओढणी घसरली. एकही केस नाही! कानाच्या वर सगळं सपाट, कापलेल्या भाताच्या शेतासारखं! मागितलं होतं शब्दश: तेच! नऊ मंगळवार फुकट गेले नाहीत, टपालाला जरा उशीर झाला एवढंच. मिस्सा संपेपर्यंत मला रडू आवरेना. शेजारची म्हणाली, किती भाविक गं तू.
घरी येऊन उपास सोडला. कोंबडी कापली, वेणी पळवणारी तीच. शेवग्याचा पाला, आलं, कच्ची पपई घालून रस्सा. तीन महिन्यांनी मांसाचा तुकडा तोंडात गेला. नादोला सगळं सांगितलं. नवस, संत मायकल, शब्द कसे निवडले ते.
नादोनं चमचा खाली ठेवला. म्हणाला, अगं सियांग, तिनं कापून दिले ते. मातेच्या टोपाला.
घास घशात. पाठ थोपटावी लागली.

१४ डिसेंबर, सोमवार
जाब विचारायला गेले. अडेल्फा दवाखान्याच्या पायरीवर बाळांची वजनं घेत होती. म्हटलं, शेवटी मिळवलंस ना जे हवं होतं ते?
ती आधी बाळाला उतरवू लागली. मग म्हणाली, मारे, सिन्योरानं सांगितलं तुझे कमी पडले. सुई माझ्या हातची होती. लशीनं गेले की कशानं ते कधी कळायचं नाही. पण कमी पडले ते मी भरून दिले, म्हणजे तुझा नवस मोडायला नको. सिन्योराला सांगितलंय, दोघींचे मिळून म्हणा. आणि डोक्यावरून हात फिरवून हसली. कान किती मोठे आहेत माझे, मला माहीतच नव्हतं!
कान खरंच मोठे आहेत.
सुई माझ्या हातची होती. गुन्हा कबूल, दुसऱ्यांदा. पण आता कबुलीचं करायचं काय? माझ्या मागण्यातला शब्द न् शब्द खरा झाला, आणि गावभर बायका तिच्या हाताचं चुंबन घेत आहेत. संत मायकलला नाव-पत्ता बरोबर दिला होता. पुढचं, म्हणजे तिचं कौतुक होऊ देऊ नकोस हे, लिहायचं राहून गेलं.
बाळ धरून ठेव म्हणाली, म्हणून धरलं. पाच किलो दोनशे.

२ फेब्रुवारी १९९९, मंगळवार. मेणबत्त्यांचा सण
माता निघाली. टोप कमरेपर्यंत, काळाभोर, वाऱ्यानं हलत होता. सगळे आ वासून. तिच्या डाव्या हातावर बाळ. बाळाचे केस क्रिस्पुलोनं गरम चिमट्यानं कुरळे केले होते. माझे केस जन्मात कुरळे नव्हते. वारा आला की मातेचे केस बाळाच्या तोंडावर येत. म्हणजे हिचे केस माझ्या केसांवर. आता बारा वर्षं.
मी आणि अडेल्फा एकाच ओळीत मेणबत्त्या घेऊन, दोन बोडकी डोकी. परगावची एक म्हातारी म्हणाली, बहिणी का गं तुम्ही? अडेल्फा हो म्हणाली. मी कधी म्हटलं?
दुसरी एक बाळाकडे बघत म्हणाली, मातेचे केस काय, मोठ्या बाईचे आहेत. पण बाळाचे बघ, किती बारीक, किती मऊ, खऱ्या बाळाचे वाटतात. मी नादोकडे पाहिलं. त्यालाही ऐकू गेलं होतं. त्यानं पोटावरून हात फिरवला आणि मेणबत्ती सरळ धरली.
मेण माझ्या मनगटावर सांडलं. अडेल्फानं फुंकर घातली.

५ फेब्रुवारी, शुक्रवार
तिसरी सुई. घेतली. आता गळण्यासारखं काही नाही. यावेळी तांदूळ नव्हता, आधी कळवायला हवं होतं.
डोक्यावर नवे केस आले आहेत. एक बोट. अंडं आणि शेवगा रोज खाते, पण त्याचा याच्याशी संबंध नाही, ही माझ्या उपासाची पुण्याई आहे. राख बंद, कारण चूल बदलली.
अडेल्फाचे मात्र दीड बोट आहेत. सुई टोचायला वाकली तेव्हा मोजले.

६ फेब्रुवारी, शनिवार
सिन्योराला पत्र. कच्चा मसुदा, पक्का उद्या काढून टपालात टाकायचा:
मा. सिन्योरा प्रेसेन्तासियोन यांस सप्रेम नमस्कार. मातेची मिरवणूक आपल्या कृपेनं उत्तम झाली. विनंती की, पुढचा टोप २०११ सालच्या सणाला व्हायचा आहे. त्यासाठी आपल्या वहीत माझं नाव आत्ताच लिहून ठेवावं. आजपासून कात्री बंद केली आहे. बारा वर्षांत गुडघ्यापर्यंत सहज जातील असा माझा हिशोब आहे. तेव्हा मी पासष्टची असेन, पण केसांना वय नसतं. बाळासाठी नको, मातेसाठी लिहावं. आमच्या गावच्या सुईणीनं आपलं नाव आधीच देऊन ठेवलं असेल, तर ते कोणत्या तारखेला दिलं, आणि माझं त्याच्या वर लिहायला जागा आहे का, एवढं उलट टपाली कळवावं.